मांडीचे स्नायू

मांडीचे स्नायू हे खुब्याचा सांधा आणि गुडघा यांच्या दरम्यान मांडीच्या हाडाभोवती असलेले स्नायू होत. उभे राहणे, चालणे, धावणे, चढण चढणे व उतरणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि जमिनीवरून उठणे या क्रिया प्रामुख्याने त्यांच्यावर अवलंबून असतात. पुढचा, आतला आणि मागचा असे या स्नायूंचे तीन गट पडतात. प्रत्येक गटाला एक प्रमुख मज्जातंतू आणि एक प्रमुख कार्य असते. पुढचा गट गुडघा सरळ करतो, आतला गट मांडी शरीराच्या मध्यरेषेकडे ओढतो, तर मागचा गट गुडघा वाकवतो व खुबा मागे नेतो. ही विभागणी समजली म्हणजे नित्याच्या हालचाली कशा घडतात, विशिष्ट दुखापतीनंतर विशिष्ट हालचालच का बंद पडते आणि वार्धक्यात उठणे-बसणे का अवघड होते, या प्रश्नांचा उलगडा सहज होतो.

शब्दविचार

'मांडी' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ शरीराच्या भागाचा, तर दुसरा 'मांडी घालून बसणे' या आसनाचा. संस्कृतात या भागाला 'ऊरु' म्हणतात, म्हणून मांडीच्या हाडाला 'ऊर्वस्थी' असे शास्त्रीय नाव आहे. मांडी जेथे धडाला मिळते त्या पुढच्या घडीला 'जांघ', बाहेरच्या बाजूच्या सांध्याला 'खुबा', गुडघ्यावरील गोल हाडाला 'वाटी' आणि गुडघ्याखालील पुढच्या हाडाला 'नडगी' म्हणतात. कुस्तीच्या परिभाषेत मांडीला 'पट' हा शब्द आहे. प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून त्याला खाली आणण्याच्या डावाला 'पट काढणे' म्हणतात.

जुन्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्यांनी आणखी एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. आजच्या मराठीत 'स्नायू' म्हणजे आकुंचन पावून हालचाल घडवणारे मांस. आयुर्वेदात मात्र 'स्नायु' ही संज्ञा बांधून ठेवणाऱ्या तंतुमय भागांसाठी येते आणि मांसल भागाला 'पेशी' म्हटले जाते. आधुनिक जीवशास्त्रात 'पेशी' हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकासाठी रूढ झाल्याने जुन्या व नव्या परिभाषेत गोंधळ होण्याचा संभव असतो.

हाड, आवरण आणि कप्पे

मांडीत एकच हाड असते. ते शरीरातील सर्वांत लांब हाड असून त्याची लांबी साधारणपणे माणसाच्या उंचीच्या चतुर्थांश असते. त्याचे वरचे गोल टोक कमरेच्या हाडातील खोबणीत बसून खुब्याचा सांधा बनवते. खालचे रुंद टोक नडगीच्या हाडावर टेकते आणि तेथे गुडघ्याचा सांधा तयार होतो. हाडाच्या मागच्या बाजूने एक उंच, खरबरीत रेघ उभी जाते. मांडीचे अनेक स्नायू याच रेघेला चिकटलेले असतात.

त्वचा आणि चरबीच्या थराखाली सर्व स्नायूंना वेढणारे एक मजबूत तंतुमय आवरण असते. घट्ट मोज्याप्रमाणे ते मांडीभोवती बसलेले असते. बाहेरच्या बाजूस हे आवरण जाड होऊन त्याचा एक पट्टा बनतो. हा पट्टा कमरेपासून गुडघ्याखाली नडगीपर्यंत जातो आणि एका पायावर उभे असताना तोल सांभाळण्यास साहाय्य करतो. आवरणाचे पडदे आत शिरून हाडाला मिळतात, त्यामुळे मांडीचे तीन कप्पे होतात. आडव्या छेदाच्या आकृतीत मध्यभागी हाड आणि त्याच्याभोवती हे तीन कप्पे दिसतात.

आवरण फारसे ताणले जात नसल्याने त्याचा एक फायदा व एक धोका आहे. चालताना फुगणारे स्नायू आवरणाच्या आत खोल शिरांना दाबतात आणि रक्त हृदयाकडे ढकलले जाते, हा फायदा. मोठ्या माराने एखाद्या कप्प्यात रक्त साचल्यास आतील दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठाच तुटू शकतो, हा धोका. अशा वेळी आवरण शस्त्रक्रियेने तातडीने उघडावे लागते.

पुढचा गट

पुढच्या कप्प्यातील सर्वांत मोठा स्नायू म्हणजे चतुःशिरस्क स्नायू. खेळाडू व व्यायामशाळांत तो क्वाड्रिसेप्स या नावाने परिचित आहे. नावाप्रमाणे त्याला चार शिरे आहेत. रेक्टस फेमोरिस हे शिर मध्यभागी पुढे असते. ते कमरेच्या हाडापासून निघत असल्याने खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवर काम करते. उरलेली तीन शिरे, म्हणजे बाहेरचे व्हास्टस लॅटरॅलिस, आतले व्हास्टस मेडियालिस आणि दोहोंच्या मध्ये खोलवर असलेले व्हास्टस इंटरमीडियस, ही मांडीच्या हाडापासूनच निघतात व केवळ गुडघ्यावर काम करतात.

चारही शिरे खाली एका कंडरेत मिळतात. ही कंडरा वाटीला वेढून पुढे नडगीच्या उंचवट्याला जोडली जाते. स्नायूची ओढ हाडापासून थोडी दूर धरणे हे वाटीचे काम आहे. दरवाजाची कडी बिजागरीपासून दूर असल्यास दार कमी जोरात उघडते, त्याचप्रमाणे वाटीमुळे गुडघा सरळ करण्यास लागणारा जोर कमी होतो.

याच गटातील सार्टोरियस हा शरीरातील सर्वांत लांब स्नायू आहे. कमरेच्या पुढच्या, हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून निघून तो अरुंद फितीप्रमाणे मांडीवरून तिरका आत उतरतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूने नडगीवर संपतो. लॅटिन भाषेत 'सार्टोर' म्हणजे शिंपी. पाय दुमडून बसणाऱ्या शिंप्यावरून हे नाव पडले, असे सामान्यतः सांगितले जाते. तो खुबा वाकवतो, मांडी बाहेर नेऊन बाहेरच्या दिशेने फिरवतो आणि गुडघाही वाकवतो. या चार हालचाली एकत्र केल्यास जी स्थिती होते, तिलाच मराठीत 'मांडी घालणे' म्हणतात.

पोट व कमरेतून येणारा इलिओसोआस हा स्नायू मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातील आतल्या छोट्या उंचवट्यावर संपतो. मांडी पोटाकडे उचलण्याचे मुख्य काम त्याचे आहे. पुढच्या कप्प्याचा प्रमुख मज्जातंतू म्हणजे फेमोरल मज्जातंतू. तो कमरेतील दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मज्जामुळांपासून बनतो. वाटीखालील कंडरेवर हातोडीने हलका आघात करताच पाय झटकन पुढे येतो, ही डॉक्टरांची परिचित तपासणी याच मज्जातंतूची आणि मज्जारज्जूच्या संबंधित भागाची परीक्षा असते.

आतला गट

आतल्या कप्प्यात अ‍ॅडक्टर लाँगस, अ‍ॅडक्टर ब्रेव्हिस, अ‍ॅडक्टर मॅग्नस, ग्रॅसिलिस आणि ऑब्ट्युरेटर एक्स्टर्नस हे स्नायू येतात. पेक्टिनियस हा लहान स्नायू पुढच्या व आतल्या कप्प्यांच्या सीमेवर असल्याने काही ग्रंथ त्याला पुढच्या गटात घालतात, तर काही आतल्या. यातील बहुतेक स्नायू जांघेजवळच्या हाडांपासून निघून मांडीच्या हाडावरील खरबरीत रेघेला मिळतात. ग्रॅसिलिस मात्र गुडघा ओलांडून नडगीपर्यंत जातो. दोन्ही मांड्या जवळ आणणे हे या गटाचे मुख्य कार्य होय. त्याचा प्रमुख मज्जातंतू ऑब्ट्युरेटर असून तोही कमरेतील दुसऱ्या ते चौथ्या मज्जामुळांपासून बनतो.

अ‍ॅडक्टर मॅग्नस हा या गटातील सर्वांत मोठा स्नायू वस्तुतः दोन स्नायूंचा संयोग आहे. त्याचा पुढचा भाग मांडी आत ओढतो आणि ऑब्ट्युरेटर मज्जातंतूच्या अधीन असतो. मागचा भाग बैठकीच्या हाडापासून सरळ खाली उतरतो, खुबा मागे नेतो आणि मागच्या गटाप्रमाणे सायटिक मज्जातंतूकडून संदेश घेतो. या स्नायूच्या खालच्या भागात एक फट असते. मांडीची मुख्य धमनी व शिरा या फटीतून गुडघ्यामागच्या खळगीत उतरतात.

खुबा व गुडघा या दोन्ही सांध्यांना समान मज्जातंतूंच्या शाखा जात असल्यामुळे खुब्याचा विकार कधी कधी गुडघ्याच्या दुखण्याच्या रूपाने प्रकट होतो. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काही आढळत नसेल, तर खुबा तपासण्याची पद्धत आहे ती यामुळेच.

मागचा गट

मागच्या कप्प्यात बायसेप्स फेमोरिस, सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेंब्रेनोसस हे तीन स्नायू आहेत. त्यांना एकत्रितपणे हॅमस्ट्रिंग म्हणतात. बायसेप्सचे लांब शिर आणि उरलेले दोन्ही स्नायू बैठकीच्या हाडापासून निघतात. खुर्चीत बसल्यावर ज्या हाडांवर भार पडतो ती हीच हाडे. बायसेप्सचे आखूड शिर मात्र मांडीच्या हाडापासून निघते. गुडघा वाकवून हात मागे नेल्यास दोन्ही बाजूंना ताठ दोऱ्या लागतात. बाहेरची दोरी बायसेप्सची आणि आतली मुख्यतः सेमिटेंडिनोससची असते. पाय सरळ ठेवून पायांच्या अंगठ्यांना हात लावताना मांडीच्या मागे जो ताण जाणवतो, तो याच गटाचा.

या गटाला सायटिक मज्जातंतू संदेश पुरवतो. हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू असून नितंबातून उतरून हॅमस्ट्रिंगच्या आड खाली जातो. कमरेतील मणक्यांमधील चकती सरकून त्याच्या मुळांवर दाब आल्यास पायात उतरणारी कळ येते. 'सायटिका' या नावाने हे दुखणे सर्वश्रुत आहे.

तीन गटांचा संबंध दाखवणारी एक मनोरम जागा गुडघ्याच्या आतल्या बाजूस, थोडी खाली, नडगीवर आढळते. पुढच्या गटातील सार्टोरियस, आतल्या गटातील ग्रॅसिलिस आणि मागच्या गटातील सेमिटेंडिनोसस या तिघांच्या कंडरा तेथे एकत्र येतात. पक्ष्याच्या पंजासारख्या आकारामुळे या जागेला 'हंसपद' या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले आहे. तीन निरनिराळ्या मज्जातंतूंच्या अधीन असलेले तीन स्नायू येथे गुडघ्याला आतून आधार देतात. कबड्डी व कुस्तीत गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटला असता त्याच्या जागी बसवण्यासाठी शल्यविशारद अनेकदा सेमिटेंडिनोसस व ग्रॅसिलिस यांच्याच कंडरा काढून घेतात.

रक्तवाहिन्या

जांघेखाली पुढच्या बाजूस एक त्रिकोणी खळगा असतो. वर जांघेचा अस्थिबंध, बाहेर सार्टोरियस आणि आत अ‍ॅडक्टर लाँगस अशा त्याच्या तीन बाजू आहेत. या त्रिकोणात बाहेरून आत मज्जातंतू, धमनी व शिरा याच क्रमाने आढळतात. जांघेच्या मध्यावर बोटे ठेवल्यास फेमोरल धमनीचे ठोके लागतात. तिची खोल जाणारी मोठी शाखा हाडाला भेदल्यासारख्या उपशाखा पाठवून मागच्या कप्प्याला रक्त पुरवते. मुख्य धमनी पुढे सार्टोरियसच्या आडून एका बोगद्यातून खाली जाते. अठराव्या शतकातील स्कॉटिश शल्यविशारद जॉन हंटर यांच्या नावाने हा बोगदा ओळखला जातो.

अभ्यासाची परंपरा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मांडीतील मर्मस्थाने सांगितली आहेत. मांडीच्या मध्यावर 'ऊर्वी' आणि मुळाशी 'लोहिताक्ष' ही मर्मे येतात. ऊर्वीला इजा झाल्यास रक्तक्षयाने पाय वाळतो, असे तेथे म्हटले आहे. ही स्थाने फेमोरल रक्तवाहिन्यांच्या मार्गाशी मोठ्या प्रमाणात जुळतात.

महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीचे शवविच्छेदनाधारित शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८४५ मधील स्थापनेनंतर रुजले. वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यासासाठी बेवारस मृतदेह मिळावेत यासाठी १९४९ मध्ये मुंबई प्रांताने शरीररचनाशास्त्र अधिनियम संमत केला. अलीकडे स्वेच्छेने केलेल्या देहदानाचे महत्त्व वाढले आहे. पिंपरी-चिंचवड परिसरात संत तुकारामनगर येथील डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांत विद्यार्थी मांडीचे तीन कप्पे प्रत्यक्ष विच्छेदनातून शिकतात.

नित्याच्या हालचालींतील कार्य

उठणे-बसणे: उकिडव्या स्थितीतून किंवा खुर्चीतून उठताना चतुःशिरस्क स्नायू गुडघा सरळ करतो आणि नितंबाचा मोठा स्नायू खुबा सरळ करतो. याच वेळी हॅमस्ट्रिंगही काम करतात. वरवर पाहता हे विसंगत वाटते, कारण हॅमस्ट्रिंगचे एक काम गुडघा वाकवण्याचे आहे. परंतु त्यांची ओढ गुडघ्यापेक्षा खुब्यावर अधिक परिणामकारक असते, म्हणून एकूण परिणाम उठण्यासच साहाय्यक होतो. १९०३ मध्ये याची चर्चा करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावरून यास 'लोम्बार्डचा विरोधाभास' म्हणतात.

उभे राहणे: स्वस्थ उभे असताना शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या किंचित पुढून जाते आणि गुडघा आपोआप सरळ राहतो. त्यामुळे चतुःशिरस्क स्नायू जवळजवळ सैल असतो. अशा वेळी वाटी बोटांनी इकडेतिकडे हलवता येते. गुडघा थोडा वाकवताच स्नायू घट्ट होतो आणि वाटी जागीच रोखली जाते. मोशी, भोसरी व चाकण पट्ट्यातील कारखान्यांत पाळीभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या कामगाराच्या मांडीला म्हणूनच थकव्यापेक्षा जडपणा अधिक जाणवतो. स्नायू हालत नसल्याने शिरांतील रक्त वर ढकलले जात नाही. मधूनमधून चार पावले चालणे किंवा गुडघे वाकवून सरळ करणे यावर उपयुक्त ठरते.

ओझे उचलणे: जमिनीवरील जड पेटी कमरेत वाकून उचलल्यास भार पाठीच्या स्नायूंवर व मणक्यांवर येतो. गुडघे वाकवून, पेटी अंगाजवळ घेऊन उचलल्यास तोच भार मांडीचे मोठे स्नायू पेलतात.

चालणे: पाऊल पुढे पडताना हॅमस्ट्रिंग पुढे झेपावणाऱ्या पायाला लगाम घालतात. टाच टेकताच चतुःशिरस्क स्नायू गुडघा एकदम दुमडू देत नाही. आतला गट पाऊल मध्यरेषेजवळ ठेवतो. इंद्रायणीकाठचे मोशी हे गाव देहू आणि आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांच्या दरम्यान वसलेले आहे. या दोन ठिकाणांहून आषाढीसाठी निघणाऱ्या पालख्यांबरोबर वारकरी पंढरपूरपर्यंत चालतात. आळंदीहून निघणाऱ्या सोहळ्याचा मार्ग सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे. पुणे सोडल्यानंतर सासवडपूर्वी येणारा दिवे घाट चढताना प्रत्येक पावलाला संपूर्ण शरीर वर उचलावे लागते आणि हा भार चतुःशिरस्क व नितंबाच्या स्नायूंवर पडतो.

चढण दमवते, पण मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात त्या बहुधा उतारामुळे. उतरताना चतुःशिरस्क स्नायू ताठ असतानाच लांबत जातो आणि त्यात सूक्ष्म तंतूंना इजा होते. हे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते आणि आपोआप ओसरते. लॅक्टिक आम्ल साचल्याने ते होते ही समजूत बरोबर नाही. ते आम्ल श्रमानंतर थोड्याच वेळात रक्तातून निघून जाते.

व्यायाम आणि खेळ

तालमीतील बैठका हा मांडीच्या स्नायूंचा पारंपरिक व्यायाम होय. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव ज्या परंपरेतून आले, तिच्यात जोर आणि बैठका हा रोजचा पाया असे. बैठकीत खाली जाताना चतुःशिरस्क स्नायू लांबत जाऊन भार पेलतो व वर येताना आखडत जाऊन भार उचलतो, त्यामुळे त्याला दोन्ही प्रकारचे बळ मिळते.

आतल्या गटाच्या सामर्थ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांना या विद्येच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय दिले जाते. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर हात सोडून शरीर तोलून धरण्यासाठी दोन्ही मांड्यांची पकड लागते. ती पकड अ‍ॅडक्टर स्नायूंची असते. घोडेस्वाराची बैठकही त्यांच्याच जोरावर पक्की राहते.

धावण्याच्या शर्यतींत मागच्या गटाची कसोटी लागते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. प्रत्येक अडथळ्यावर मांडी वेगाने वर उचलावी लागते, त्या वेळी हॅमस्ट्रिंग पूर्ण ताणले जातात. वेगाने धावताना पुढे गेलेला पाय जमिनीवर टेकण्याच्या क्षणाआधी हे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच जोर लावत असतात. बायसेप्सचे लांब शिर बहुधा याच क्षणी फाटते. खेळापूर्वी शरीर हळूहळू तापवणे आणि स्नायू लांबत असताना जोर लावण्याचा सराव करणे, हे दोन उपाय त्यासाठी सुचवले जातात.

वैद्यकीय महत्त्व

लसीकरण: राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांच्या वयात पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीच्या मधल्या भागात, पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचतात. तेथे व्हास्टस लॅटरॅलिस हा भरीव स्नायू असून जवळून कोणताही मोठा मज्जातंतू वा रक्तवाहिनी जात नाही. बाळाचा नितंब लहान असतो आणि त्यातून सायटिक मज्जातंतू जातो. तेथे चुकीच्या जागी सुई गेल्यास पाऊल कायमचे लुळे पडू शकते. अनावश्यक इंजेक्शने एकाच मांडीत वारंवार देणेही धोक्याचे असते. जपानमध्ये १९७० च्या दशकात अशा इंजेक्शनांमुळे बालकांचा चतुःशिरस्क स्नायू आखडून गुडघा वाकेनासा झाल्याची अनेक प्रकरणे उजेडात आली होती.

पोलिओ: पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूचालक पेशी नष्ट करतो. चतुःशिरस्क स्नायू त्यात वारंवार सापडतो. असा रुग्ण उभे राहताना गुडघा दुमडू नये म्हणून तळहाताने मांडी मागे दाबत चालतो. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत एका पिढीने हे दृश्य जवळून पाहिले आहे. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम राबवण्यात आली. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाचा समावेश असलेला जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

मांडीचे हाड मोडणे: मोशीतून जाणाऱ्या पुणे-नाशिक मार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यांवर दुचाकीस्वारांना होणाऱ्या गंभीर दुखापतींत ही एक आहे. मोडलेल्या मांडीत एक ते दीड लिटर रक्त त्वचेबाहेर न येताच साचू शकते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते हे लक्षात घेतल्यास धोक्याची कल्पना येते. हाड मोडताच भोवतालचे बलवान स्नायू आखडतात, हाडाचे तुकडे एकमेकांवर सरकतात आणि पाय आखूड दिसू लागतो. हाड वरच्या भागात मोडले असल्यास इलिओसोआस वरचा तुकडा पुढे उचलतो आणि नितंबाचे स्नायू तो बाहेर खेचतात. म्हणून रुग्णाला उचलण्यापूर्वी पाय लांब फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधून स्थिर करणे, रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरणे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे आवश्यक असते. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. पाय ताणून धरणारी थॉमस स्प्लिंट ही चौकट एकोणिसाव्या शतकात तयार झाली. पहिल्या महायुद्धात तिच्या वापरामुळे अशा जखमींचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले.

गुडघ्याची झीज: गुडघेदुखीच्या रुग्णांत चतुःशिरस्क स्नायू बहुधा दुर्बल आढळतो. दुखते म्हणून हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू रोडावतो आणि स्नायू रोडावल्याने सांध्यावरचा भार वाढतो. हे चक्र तोडण्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा उपचाराचा मूलभूत भाग मानला जातो. खुर्चीत बसून पाय सरळ करून काही सेकंद धरून ठेवणे, हा त्यातील सर्वांत सोपा प्रकार आहे.

वार्धक्य आणि मांडीचे स्नायू

वयाच्या तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. शरीरातील मोठे स्नायू मांडीत असल्याने तिचा परिणाम तेथे आधी जाणवतो. जिन्याच्या कठड्याचा आधार लागणे, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, पंगतीऐवजी खुर्ची मागणे, देशी पद्धतीचे शौचालय टाळणे, ही त्याची परिचित चिन्हे होत. कमजोर मांडी म्हणजे पडण्याचा धोका आणि पडण्यातून खुब्याजवळचे हाड मोडण्याचा धोका. अशा अस्थिभंगानंतर अनेक वृद्धांचे स्वतंत्रपणे वावरणे कायमचे थांबते.

मांडीचे बळ अजमावण्याची एक साधी चाचणी आहे. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठावे व बसावे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागणे हे स्नायूंची कार्यक्षमता घटल्याचे लक्षण मानले जाते. अशा व्यक्तीने वैद्यकीय सल्ला घ्यावा.

ही घट वयाबरोबर अटळ असली तरी तिचा वेग अटळ नसतो. भार पेलण्याच्या व्यायामाला सत्तरी-ऐंशीतील स्नायूही प्रतिसाद देतात. पुरेशी प्रथिने, म्हणजे डाळी, दूध, अंडी, मांस किंवा मासे यांचा आहारात समावेश, रोजचे चालणे आणि खुर्चीच्या आधाराने केलेल्या बैठका हे त्याचे मुख्य घटक आहेत. गुडघ्यांची झीज, हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास व्यायामाचा प्रकार व प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे लागते. जमिनीवर मांडी घालून बसणे व कोणाच्या आधाराशिवाय उठणे ही साधी वाटणारी क्रिया पुढच्या, आतल्या आणि मागच्या या तिन्ही गटांच्या एकत्रित कार्याचे फलित आहे. ती जोवर सहज जमते तोवर मांडीचे स्नायू आपले काम समाधानकारकपणे करीत आहेत, असे समजण्यास हरकत नाही.